हिंगणघाटला कुटुंबासह राहायला जातोय: पायी चालता येईल आणि परवडेल अशी वस्ती कशी निवडावी?

रानजाई | ९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याला हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत नोकरी लागली आहे. जूनमध्ये आम्ही सगळेच पुण्याहून तिकडे जाणार. मुलगी पाचवीत जाईल, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे गुडघे दुखतात, पण रोज देवळापर्यंत जाऊन आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पुण्यात नऊ वर्षं आम्ही अशा सोसायटीत काढली, जिथून कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढावी लागते. मला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे या नऊ वर्षांत कुणाला तरी विचारल्याशिवाय, कुणाची तरी वाट पाहिल्याशिवाय मी क्वचितच बाहेर पडले. आता गाव बदलतंयच, तर शाळा, किराणा, दवाखाना, देऊळ पायी गाठता येईल अशा ठिकाणीच राहायचं, असं मी ठरवलं आहे. किराया ८,००० च्या वर झेपणार नाही.

नवरा एकदा जाऊन घरं पाहून आला. एक घर जुन्या वस्तीत, बाजाराच्या रस्त्यावर. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, लांब ओसरी, ७,५००. गल्ली अरुंद, गाडी लावायला जागा नाही. दुसरं हायवेच्या पलीकडे नव्या ले-आऊटमध्ये (प्लॉट पाडलेल्या वस्तीत), दोन बेडरूमचं स्वतंत्र घर, पुढे अंगण, ५,५००. तिसरा पर्याय म्हणजे आम्ही वर्ध्याला राहायचं आणि नवऱ्याने रोज ये-जा करायची.

मी विदर्भात कधीच राहिलेली नाही. तुम्ही काय पाहाल, काय विचाराल?

---

कपाशीचंफूल | ९ मे, रात्री १०:१५

या ताई, या आमच्या गावात! माझं माहेर तिथलंच. बाकीचे सांगतीलच, मी एकच सांगते. बाजारात गेल्यावर सांबार मागजा, कोथिंबीर नका म्हणू. भाजीवाल्या बाया बरोबर जुडी काढून देतात.

---

मास्तर_आर्वी | १० मे, सकाळी ६:५०

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, सहा गावांना बदली झाली आणि प्रत्येक वेळी घर मीच शोधलं. त्यावरून सांगतो.

घर पाहायला लोक रविवारी सकाळी दहाला गाडीवर जातात. खोल्या मोजतात, नळ सोडून पाहतात, टाकं पाहतात आणि परततात. तुम्ही तसं करू नका. घरात नंतर शिरा. आधी मुलीचा हात धरून शाळेपर्यंत चाला, तिच्या पावलानं. वाटेत सावली कुठं आहे, कुत्री कुठं बसतात, नाली उघडी आहे का, हे सगळं तेव्हाच कळतं. मग सासूबाईंना घेऊन देवळापर्यंत जा. त्यांना टेकायला ओटा कुठं मिळतो ते पाहा. जुन्या वस्तीत दर चार घरांमागं एखादा ओटा असतो. नव्या ले-आऊटमध्ये कंपाउंड असतं आणि त्यावर काचा लावलेल्या असतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं धरलं आहे. म्हणजे लेकरानं पायी शाळेत जावं, हे कायद्यालाही मान्य आहे. तुमची मुलगी पाचवीत आहे. शाळा पाचवीपर्यंतचीच असेल तर वर्षभरात पुन्हा दाखल्याची धावपळ होईल. पुढच्या वर्गांचं अंतर आत्ताच चालून पाहा.

आणि एक. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तो आठवडा-दीड आठवडा तुमच्या पदरात पडतो. सामान तेव्हा हलवा.

---

वणाकाठ | १० मे, सकाळी ९:०५

सगळे जुन्या वस्तीचंच गुणगान करतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बाजाराच्या रस्त्यावर माझं बालपण गेलं. हिंगणघाट हे कापसाचं गाव. दिवाळी झाली की मार्च येईस्तोवर बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बंड्या (बैलगाड्या), मेटाडोर, ट्रॅक्टर यांची रांग असते. रात्री दोनला हॉर्न वाजतो. खिडकीच्या जाळीला पांढरा रुवा चिकटतो, दर चार दिवसांनी झाडूनं ओढून काढावा लागतो. माझ्या धाकट्या भावाला दर हिवाळ्यात खोकला व्हायचा आणि डॉक्टर हेच कारण सांगायचे.

पायी जाणं चांगलंच आहे, पण दार उघडताच धुरळा आत येत असेल तर साडेतीन वर्षांच्या लेकराला ओसरीत कसं सोडणार? ले-आऊटमध्ये हवा आहे, अंगण आहे, ताऱ्यांखाली खाट टाकता येते. त्या घराला एकदम नाही म्हणू नका.

---

विटामाती | १० मे, सकाळी ११:३०

बांधकामात आहे, वीस वर्षं झाली. वणाकाठ भाऊंचं धुरळ्याबाबतचं म्हणणं खरं आहे. पण ले-आऊटचं अंगण मे महिन्यात पाहू नका, ऑगस्टमध्ये पाहा.

आपली जमीन काळी, कपाशीची. पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दोन पावसाळ्यांत भिंतीला चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. घर पाहायला जाल तेव्हा दार-खिडक्यांचे कोपरे बघा. ताज्या रंगाखालचं पुट्टीचं ठिगळ हात फिरवला की लागतं.

किरायेदाराला पायापेक्षा रस्त्याचा त्रास जास्त. ले-आऊटचे रस्ते बहुतेक मातीचे, फार तर मुरूम पसरलेला. झड, म्हणजे सततचा पाऊस, लागली की चार-पाच दिवस तिथून सायकल निघत नाही. माझ्या बहिणीचं घर अशाच एका ले-आऊटमध्ये आहे. तिची पोरगी बूट पिशवीत घालून अनवाणी डांबरी रस्त्यापर्यंत यायची. तिथल्या हातपंपावर पाय धुवायचे, आईच्या ओढणीनं पुसायचे, मग मोजे चढवायचे. एकदा चिखलात पाय रुतला तो निघाला, पण पैंजण आतच राहिलं. पोरगी शाळेत न जाता तिथंच रडत बसली. दुपारी भाच्यानं फावड्यानं उकरलं तरी सापडलं नाही. घर मोठं होतं, अंगण होतं, सगळं होतं. डांबरी रस्ता फक्त तीनशे पावलांवर होता.

त्या ५,५०० च्या घरापासून डांबरी रस्ता किती पावलांवर आहे, ते मोजा.

---

तर्रीपोहे | १० मे, दुपारी २:१०

आत्ता घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालीत आणि बाहेर ४५ अंश आहे. अशात कोण पायी चालते? ताई, सेकंड-हँड स्कूटी घ्या, पंधरा दिवसांत शिकून जाल. वहिनी चाळिशीत शिकली, आता मले मागं बसवून नेते. स्कूटी आली की ले-आऊट काय अन् वस्ती काय, सारं सारखंच.

---

हिरवाकंदील | १० मे, दुपारी ३:००

@तर्रीपोहे, स्कूटी शिकावीच. पण सासूबाई स्कूटी शिकणार नाहीत आणि दहा वर्षांची मुलगीही नाही. घरातल्या पाचांपैकी तिघांना पायच आहेत. त्यांचा विचार आधी झाला पाहिजे.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडचे लोक पिढ्यान् पिढ्या मे महिन्यात चालत आलेत. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. कामं त्या वेळेत बसतात, पण अंतर कमी असेल तरच. दहा मिनिटांची वाट सकाळच्या वेळेत बसते, पाऊण तासाची बसत नाही. आणि झाडं पाहा. गुलमोहर दिसायला देखणा, पण ऐन उन्हात त्याची सावली विरळ असते. कडूनिंब दाट. ज्या रस्त्यावर चार जुने कडूनिंब आहेत, तिथं शंभर रुपये किराया जास्त द्यायला मी तयार आहे.

---

दर्यापूरकर | १० मे, सायंकाळी ७:२०

पाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी खारंच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं त्यावर भागतं. आमच्याकडे घर पाहताना पहिला प्रश्न असतो, नळ आहे का? दुसरा, किती दिवसांआड? तिसरा, किती वाजता? पहाटे चारला नळ येत असेल तर ते पाणी घरातली बाईच भरते, हे ध्यानात ठेवा.

हिंगणघाट त्या पट्ट्यात नाही, पण हे तीन प्रश्न तिथंही विचारा. घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. आणि कूलर विसरू नका. मोठा कूलर दिवसाला आठ-दहा बादल्या पाणी ओढतो. पुण्याहून येणाऱ्यांच्या हिशेबात ते नसतं.

---

रानजाई | १० मे, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. विटामाती, तुमच्या भाचीचं पैंजण डोळ्यांसमोरून हलत नाही. रस्ता मोजणार, नक्की. नळाची वेळ माझ्या डोक्यातच आली नव्हती. वर्ध्याला राहण्याबद्दल कुणी सांगेल का? नवऱ्याला तीन पाळ्या असतील, आठवड्याला बदलणाऱ्या.

---

धामतीर | ११ मे, सकाळी ७:३०

मी सेवाग्राम रस्त्याला राहते, त्यामुळे माझं मन वर्ध्याकडेच ओढणार. इथं शाळा भरपूर, जिल्ह्याची कार्यालयं इथंच. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे, त्याला जोडून १९६९ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय. घरात वडीलधारं माणूस असलं की याचा फार आधार वाटतो. संध्याकाळी पवनारला धाम नदीकाठी जाता येतं.

थोडं विषयाबाहेरचं, पण चालण्यावरून आठवलं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायीच आले होते. आठेक किलोमीटर, ते पण ऐन उन्हाळ्यात. आश्रमातली घरं कधी पाहिली नसतील तर नक्की पाहा. मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं) आणि चारी बाजूंनी रुंद ओसरी. मे महिन्यात आत गेलं की हवा बदललेली कळते. तुमच्या पहिल्या घराची लांब ओसरी वाचून मला तेच आठवलं. ओसरी असलेलं घर सोडताना दोनदा विचार करा.

---

दीडफाटक | ११ मे, सकाळी ८:४५

मी सात वर्षं अपडाऊन केलं. वर्धा जिल्ह्यातच, तुमच्या नवऱ्यासारखीच पाळीची नोकरी. सांगू का? नका करू. दिवसपाळीत गाडी जुळते. रात्रपाळी सुटते तेव्हा पुढच्या गाडीला दीड तास असतो, माणूस फलाटावर बाकड्यावर झोपतो. दुसऱ्या पाळीतून घरी यायला रात्रीचा एक. मग मोटरसायकल घेतली. धुक्यात एका जानेवारीत उभ्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचलो. त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवलं.

त्या सात वर्षांत माझा मुलगा मला रविवारचे बाबा म्हणायचा. वर्धा फार छान आहे, धामतीर ताई म्हणतात ते सारं खरं. पण जिथं चूल तिथंच नोकरी असू द्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा जायचं असेल तर बसनं जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तुम्हा दोघी सासू-सुनांचं मिळून एकच तिकीट होईल.

---

पांदणवाट | ११ मे, दुपारी १२:२०

चौथा पर्याय सुचवू का? गावाजवळचं एखादं खेडं घ्या, तीन-चार किलोमीटरवरचं. आम्ही पाच वर्षांपूर्वी नागपूरहून असंच आलो. दोन हजारांत अख्खं घर, पुढं अंगण, मागं परसबाग. दूध शेजारच्या गोठ्यातून. अंगणवाडी घरापासून चाळीस पावलांवर, जिल्हा परिषदेची शाळा दीडशे पावलांवर. शाळेत एकोणतीस पोरं आणि दोन शिक्षक, माझ्या मुलाला नावानं हाक मारणारे. पायी चालण्याजोगी वस्ती म्हणाल तर खेड्यासारखी कुठंच नाही. सगळं पायावरच असते इथं.

पण अर्धं सांगून चालणार नाही. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच. त्यापुढं तालुक्याला जावं लागते. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे, त्याचा मोठा आधार होतो. तरी गाडी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पावसात नाल्याला पूर आला की ती एकही येत नाही. औषधाचं दुकान नाही. मागल्या वर्षी रात्री मुलाला ताप चढला तेव्हा शेजाऱ्यानं ट्रॅक्टर काढला. लहान मुलाला घेऊन अवश्य या. मुलगी पाचवीत आहे म्हणून मात्र मी तुम्हाला आग्रह करणार नाही.

---

झाडीपट्टी | ११ मे, सायंकाळी ५:५०

वडसा-ब्रह्मपुरीकडून बोलतो. नदीकाठच्या गावात घर घेताना पूर कुठवर येतो हे विचाराच. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं होतं. ज्यांच्या घरात आयुष्यात कधी पाणी शिरलं नव्हतं, त्यांच्या कणग्या आणि पेट्या वाहून गेल्या. हिंगणघाटलाही वणा नदी आहे, आणि २०२२ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात पुरानं धुमाकूळ घातला होता. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं? त्याला ती पायरी दाखवता येते. भिंतीवर डागही असतो, छातीच्या उंचीला आडवी भुरकट रेघ. चुना मारला तरी पावसाळ्यात पुन्हा उमटते.

---

वणाकाठ | ११ मे, रात्री ८:१०

झाडीपट्टी भाऊ, अगदी बरोबर. नदीकडच्या खालच्या गल्ल्या टाळा. उंचावरची जुनी वस्ती मिळाली तर माझी निम्मी तक्रार मागं घेतो. पण बाजाराच्या मुख्य रस्त्यावरचं नकोच. दोन गल्ल्या आत जा, तिथं बंड्यांचा आवाज येत नाही.

---

हिशेबवही | ११ मे, रात्री ९:३०

पैशाचं बोलू. ले-आऊटचं घर २,००० रुपयांनी स्वस्त दिसतं. आम्ही तसंच स्वस्त घर घेतलं होतं, दुसऱ्या तालुक्यात. दोन पोरांच्या शाळेचा ऑटो महिन्याला १,६००. आठवड्यातून दोनदा बाजारात ऑटोनं जाऊन यायला ६० प्रमाणे ४८०. बोअरचं पाणी पिण्याजोगं नव्हतं, रोजचा २० रुपयांचा कॅन, म्हणजे ६००. झाले २,६८०. नवऱ्याच्या पेट्रोलचा हिशेब यात धरलेलाच नाही. दीड वर्षानं वही उघडून बसलो तेव्हा कळलं की स्वस्त घरात राहून आम्ही दर महिन्याला जास्तच खर्च करत होतो. आणि ऑटोवाला आला नाही की मी कामावर उशिरा पोचायची, ते वेगळंच.

किरायाची पाटी एकटी वाचू नका. किराया, ऑटो, पाणी आणि वीज, चारही एका ओळीत लिहून बेरीज करा. विजेचं खास विचारा. घरमालकानं सब-मीटर लावलं असेल तर युनिटचा दर आधी ठरवून घ्या. उन्हाळ्यात कूलर चोवीस तास चालतो.

---

काळाकोट | १२ मे, सकाळी १०:००

तालुका कोर्टात वकिली करते. तीन गोष्टी.

करारनामा लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. छोट्या गावात "कशाला कागद, घरचेच आहोत" म्हणतात. प्रेमानं म्हणतात, पण मुलांचे दाखले, गॅस, बँक, सगळीकडे पत्त्याचा पुरावा लागतो तेव्हा तोच कागद कामी येतो.

दुसरं, वर्षभर तरी प्लॉट घेऊ नका. तिथं गेल्यावर दर आठवड्याला कुणीतरी स्वस्त प्लॉट सांगेल. शेतजमीन अकृषक (बिगरशेती) झाली आहे का, नगररचनेचा मंजूर नकाशा आहे का, सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव कुणाचं, जमीन भोगवटादार वर्ग १ ची (मोकळेपणी विकता येणारी) की २ ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी), नझूलची म्हणजे सरकारी असेल तर पट्टा कधीपर्यंतचा, हे सगळं पाहायला वेळ लागतो. तुकड्यानं विकलेल्या प्लॉटसाठी गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे, पण नियमित करून घेताना पैसा आणि वर्षं दोन्ही जातात.

तिसरं विटामातींनी सांगितलंच. नकाशावर दाखवलेला रस्ता आणि पायाखालचा रस्ता एकच आहे का, ते जाऊन पाहा.

---

मृगाचापाऊस | १२ मे, सकाळी ११:४०

काळाकोट ताईंच्या दुसऱ्या मुद्द्यावर आमचा अनुभव. २०१६ मध्ये गावाच्या हद्दीबाहेर एका ले-आऊटवाल्याकडून प्लॉट घेतला. नकाशात बगीचा होता, नऊ मीटरचा रस्ता होता. आज बगीच्याच्या जागी तूर उभी आहे आणि रस्ता आम्ही सात घरांनी वर्गणी करून मुरूम टाकून केला. आईला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीवर बसवून चौघं उचलून नाक्यापर्यंत आणतो. घर स्वतःचं आहे, पण आई तीन वर्षांत एकदाही आपणहून फाटकाबाहेर गेलेली नाही. रानजाई ताई, तुमच्या सासूबाईंच्या देवळाचं वाचलं म्हणून हे लिहिलं.

---

कपाशीचंफूल | १२ मे, दुपारी १:१५

ताई, जुन्या वस्तीतली घरं मोबाईलवर सापडत नाहीत. आटाचक्कीवर जाऊन विचारजा. कोणाचं पोरगं नागपूरले गेलं, कोणाची खालची खोली रिकामी झाली, सारं चक्कीवाल्याले ठाऊक असते. दळण घेऊन आलेल्या बायापण सांगतात. आमच्या मोठ्या बाबांचे तिन्ही किरायेदार चक्कीवरूनच आले होते, त्यातले एक तर एकवीस वर्षं राहिले.

---

रानजाई | २६ मे, रात्री ९:१५

आम्ही जाऊन आलो, सगळे. तीन दिवस लॉजवर राहिलो. मास्तरांनी सांगितलं तसं घरात शिरायच्या आधी चाललो.

आधी ले-आऊट. घर खरंच सुंदर आहे. मुलगा अंगणात शिरताच धावत सुटला. डांबरी रस्ता २१० पावलं, तिथून हायवे. हायवे ओलांडायला मुलाचं मनगट घट्ट धरून आम्ही उभे राहिलो. ट्रकमागून ट्रक. मुलीनं मोजलं, चार मिनिटं गेली. सकाळचे साडेआठच झाले होते, पण वाटेत एकही झाड नव्हतं, म्हणून सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. पलीकडे पोचल्यावर त्या मला म्हणाल्या, "इथून मी देवळात गेले तर आणायला तूच येशील ना गं?" मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं मी हेच नवऱ्याला विचारत आले होते.

मग बाजाराच्या रस्त्यावरचं घर पाहिलं. ओसरी थंड, मालकीणबाई प्रेमळ. पण वणाकाठ भाऊ, तुम्ही म्हणालात ते खिडकीच्या जाळीवर दिसलं. हंगाम संपून दोन महिने झाले तरी कोपऱ्यात रुवा होताच.

दुसऱ्या दिवशी मी एकटी चक्कीवर गेले. चक्कीवाल्या दादांनी दळण थांबवलं, हात झटकले आणि म्हणाले, "दोन गल्ल्या मागं जा, कडूनिंबाखालचं घर, आजीबाई एकट्याच राहतात." ते घर कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी, वर अर्धा स्लॅब आणि अर्धे कवेलू. ६,८००. न्हाणीघर अंगणात आहे. नळ एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला. नवऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात पाणी तो भरणार. करारनाम्याचं आजी म्हणाल्या, "लिहा बाप्पा, मले वाचून दाखवा म्हणजे झालं."

शाळा मुलीच्या पावलानं अकरा मिनिटं, दहावीपर्यंतची. अंगणवाडी चार. किराणा आणि औषधाचं दुकान त्याच चौकात. देवळापर्यंत सासूबाईंना दोनदा बसावं लागलं, एकदा शिंप्याच्या ओट्यावर, एकदा पाराच्या कट्ट्यावर. शिंप्याच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. परतताना सासूबाई आमची वाट न पाहता पुढे निघाल्या. मी मागून पाहत होते. गल्ली चुकल्या, कुणाला तरी विचारलं आणि बरोबर घराशी येऊन उभ्या राहिल्या.

पुराचं त्या आजींनाच विचारलं. त्यांनी हात वर करून चढाव दाखवला, पाणी इथवर कधीच आलं नाही म्हणाल्या.

घर घेतलं. सामान २३ जूनला निघतंय. आता एकच अडचण आहे. ओसरीच्या खिडकीला जुने लोखंडी गज आहेत, कूलर कुठं बसवायचा?

---

विटामाती | २६ मे, रात्री ९:५०

फार बरं वाटलं वाचून. गज कापू नका. कूलर बाहेर अंगणाच्या बाजूला स्टँडवर ठेवा, तोंड गजांना लावा, भोवतीची फट पुठ्ठ्यानं बंद करा. समोरच्या भिंतीतली खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो. जूनच्या शेवटी पाऊस आला की तसाही दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही, यंदा घाई नाही. कवेलू मात्र पावसाआधी फेरून, म्हणजे काढून पुन्हा नीट लावून, घ्या. फेरणारा माणूस आत्ताच सांगून ठेवा, मृग लागला की सगळ्यांनाच तो हवा असतो.

---

मास्तर_आर्वी | २७ मे, सकाळी ६:३०

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते निघण्याआधी पाहून घ्या. पुण्याला परत खेप पडायला नको.

---

मृगाचापाऊस | २७ मे, सकाळी ८:००

सासूबाई एकट्या घरी आल्या हे वाचून आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

---

कपाशीचंफूल | २७ मे, सकाळी ९:२०

अवो, ते कडूनिंबाचं घर मले माहीत हाय! लहानपणी त्याच झाडाले झोका बांधत होतो आम्ही. मी २४ जूनले माहेरी येणार हाय. आल्या आल्या चूल पेटवायच्या भानगडीत पडू नका, संध्याकाळचा डबा मी आणते. वांग्याची भाजी, भाकर अन् ठेचा. सासूबाईंले तिखट चालते का?

---

रानजाई | २७ मे, सकाळी ९:४५

चालतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त चालतं. वाट पाहते.